मयताचं नाव

दुकानात नवीन लागलेल्या योसेलीनने काउंटरमागून हाक मारली तेव्हा ओबदूलिया एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या कानामागे चष्म्याची काडी बसवत होती. कुणाचा तरी चष्मा तयार झाला होता आणि योसेलीनने त्या गिऱ्हाइकाचे नाव पुकारले, एवढेच. ते नाव इथे लिहिता येणार नाही. ओबदूलियाच्या आईचे नाव तेच होते, आणि वायू जमातीच्या लोकांत माणूस गेले की त्याचे नावही त्याच्याबरोबर जाते. नातलगांच्या कानांवर ते नाव घालणारा शेजारी असो की शत्रू, त्याला त्याची भरपाई द्यावी लागते. योसेलीन बिचारी माराकाइबो शहरात जन्मलेली, तिला यातले काय ठाऊक. बाकावरची बाई कानाने जड होती म्हणून तिने तेच नाव आणखी मोठ्याने घेतले. मग केस रंगवलेली ती गुबगुबीत अनोळखी बाई "आले, आले" म्हणत उठली आणि ओबदूलियाच्या हातातली काडी जरा जास्तच वाकली. "अहो बाई, कान आहे तो," म्हातारा कळवळला. तिने माफी मागितली, काडी सरळ केली आणि पुन्हा बसवली.

तिला वाईट वाटले नाही. घोटाळा तिथेच होता. दहा-बारा वर्षांत न ऐकलेले नाव भर दुकानात तारस्वरात ऐकायला मिळाले आणि आत कुठे काही हलले नाही. मानेवर थोडा गारवा आला, तो एसीचा म्हणावा तर वीज सकाळपासून गेलेली. ती गुबगुबीत बाई आरशात मान तिरपी करून स्वतःला बघत होती. हे नाव हिला कसे काय बसते, असा एक हिशेबी विचार ओबदूलियाच्या मनात आला. चष्म्याची फ्रेम तोंडाला बसते की नाही हे बघण्यात तिचे अर्धे आयुष्य गेले होते, आणि हे नाव त्या तोंडाला मोठे होत होते. संध्याकाळी सामायिक टॅक्सीत पाच जणांत सहावी होऊन घरी येताना ती गुडघे आखडून बसली आणि स्वतःला तपासत राहिली. दुखतंय का? इथं? आणि इथं? गिऱ्हाइकाला भिंग बदलत विचारावे तसे. काही दुखत नव्हते. आईच्या मयतालाही असेच झाले होते.

त्या वेळी पाराग्वाइपोआ गावच्या घरात बायका ओळीने बसल्या होत्या. आपल्याकडे रडणे हे कामच असते. बाईने फडक्याने तोंड झाकायचे, मयताजवळ वाकायचे आणि मोठ्याने रडायचे. लांबून आलेल्या, गेलेलीला एकदाच बघितलेल्या बायकाही रडतात, आणि खोटे रडत नाहीत. त्यांना स्वतःचे कुणी ना कुणी आठवते आणि पाणी आपोआप येते. ओबदूलियाने फडके तोंडावर ओढले आणि आत गेली, म्हणजे फडक्याच्या आत. तिथे उन्हाचा पिवळा उजेड होता आणि सूत दिसत होते. आडवे सूत, उभे सूत, एका ठिकाणी गाठ. जवळचे बघायची तिची सवय. ती ती गाठ बघत राहिली. बाहेर कासिमीरा मावशीचा आवाज चढत होता, उतरत होता. ओबदूलियाने आवाज काढला, निघाला तोही. पण तो आवाज ती स्वतः ऐकत होती, आणि जो आपले रडणे ऐकत बसतो तो रडत नसतो. फडके काढले तेव्हा ते कोरडे होते. कुणी पाहू नये म्हणून तिने ते पटकन घडी करून मांडीखाली घेतले. त्या दिवसापासून तिला एक संशय होता, तो तिने कुणाला बोलून दाखवला नव्हता. जो आपल्यातला नाही त्याला आपण अलिहूना म्हणतो. आणि आपण आतून अलिहूना झालो आहोत, वरून फक्त वायू राहिलो आहोत, असे तिला वाटे. ही काही रडण्यासारखी गोष्ट नव्हती. ती तशी धरून चालत होती, जसे कुणी एका डोळ्याने कमी दिसते हे धरून चालते.

चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात ती एकटी राही. मुलगा चिलीत, आणि नवरा कुठे ते विचारू नये. पलंग होता, पण झोप यायची ती हॉलमध्ये टांगलेल्या झुल्यातच. ती झुल्यात पाय टाकते न टाकते तोच मावशीचा फोन आला.

"काय स्वप्न पडलं?" मावशीचा फोन असाच सुरू होतो. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

"काही नाही पडलं, मावशी."

"शहरात स्वप्नंसुद्धा वीज आली की पडतात वाटतं. मला पडलंय. म्हणून तर या वयात टेकाडावर चढून बोलतेय, खाली तुझा तो फोन मुका होतो. तुझी आई आली होती. दारात उभी. आत ये म्हटलं तर येईना. म्हणाली, कासिमीरा, माझी पाठ ओली झालीय."

ओबदूलियाने दुकानातली हाक मावशीला सांगितली नाही. सांगायची म्हटली तरी कशी सांगणार? नावच घेता येत नाही त्याची हाक.

"तिथं सरोवर जवळ आहे," ती म्हणाली. "जमिनीत पाणी चढलं असेल."

"असेल ना. पाणी चढलंय म्हणूनच पाठ ओली झालीय. आणि पाठ ओली झाली म्हटल्यावर काय करायचं असतं ते मी सांगू का तुला? का शहरात त्याची पण दुकानं आहेत?"

"तू काढ ना, मावशी. आजीची हाडं तूच काढलीस."

"तेव्हा डोळे होते मला. आता दोन्हींत दूध सांडलंय. बोटांची हाडं चवळीच्या दाण्याएवढी असतात, बाई. एखादं राहिलं मातीत तर रोज येऊन माझ्याकडे बोट मागेल ती. तू चष्म्यावाली. आणि मुलगी तूच तिची. का आणखी एक ठेवलीय कुठं?"

"मला जमायचं नाही."

"जमायला काय, तांदळासारखं वेचायचं. जमत नाही ते दुसरंच काही असेल." मग टेकाडावरचा वारा फोनमध्ये घुसत राहिला. "ओबदू, परक्या मातीत ठेवलीय आपण तिला. नवऱ्याच्या गावात. पाहुणी म्हणून राहिली, आता पुरे. तिकडे तिची आई आहे, आजी आहे, सगळ्या आहेत. तिला घरी न्यायचीय."

तिकडे म्हणजे सीमेपलीकडच्या माइकाओच्या पुढे, एपिएयू कुळाच्या स्वतःच्या दफनभूमीत. आपल्याकडे माणूस दोनदा पुरतात. पहिल्यांदा जिथे मरेल तिथे, आणि मांस मातीला मिळाले की दुसऱ्यांदा आईच्या कुळात, सगळ्यांमध्ये. कुळ आईकडून येते आणि हाडे आईकडे जातात. मधले आयुष्य कुठेही जावो. ओबदूलियाच्या आजीच्या लहानपणी या दोन्ही जागांच्या मध्ये फक्त काटेरी रान होते. मग दोन देशांनी त्या रानातून आपापली हद्द ओढली, पुढे तिथे रस्त्यावर आडवी दांडी आली, दांडीशेजारी शिपाई आला, आणि अलीकडे देशांचे एकमेकांशी बिनसले की दांडी खाली पडू लागली. आपल्यापैकी बहुतेकांकडे दोन्ही देशांची ओळखपत्रे असतात, कुठल्या खिशात कुठले ते लक्षात ठेवायचे. मेलेल्याकडे मात्र एकही नसते.

मावशीला ती हो म्हणाली. पण भीती वेगळीच होती, आणि हाडांची तर नव्हतीच. आपण आईच्या कवटीला हात लावू आणि आत काही हलणार नाही, मग तो संशय संशय राहणार नाही, ही ती भीती. ज्या बाईला मेलेलीबद्दल काही वाटत नाही तिच्या हातून मेलेली घरी पोचते का? हे मावशीला विचारण्यासारखे नव्हते. मावशीने म्हटले असते, तुला काय वाटतं ते कोण विचारतंय, तिला काय वाटेल ते बघ. आणि ते खरेही होते. पण तिला आपल्यालाच विचारावेसे वाटत होते.

आई दुकानात एकदाच आली होती. लांब पायघोळ झगा, गालांना उन्हासाठी फासलेला काळसर लेप, आणि हातात पिशवी, त्यात एक जिवंत कोंबडा. दुकानाच्या मालकीणबाई कोंबड्याकडे बघत राहिल्या. विणताना धागा दिसत नाही अशी आईची तक्रार होती, म्हणजे तक्रार मावशीची, आईला मुळात तपासून घ्यायचेच नव्हते. तिला अक्षरे येत नसत, म्हणून ओबदूलियाने तीन बोटांच्या पंज्याचा तक्ता लावला. पंज्याची बोटे कुठल्या बाजूला आहेत ते सांगायचे, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. आईने एक डोळा झाकला आणि सांगायला लागली. "हा समुद्राकडं. हा वर. हा डोंगराकडं. हा परत समुद्राकडं." मालकीणबाई हसल्या, म्हणाल्या, "तिला सांग, डावं-उजवं सांगायचं असतं." ओबदूलियाने आपल्या भाषेत सांगितले. आई म्हणाली, "मी वळले की डावं उजवीकडे जातं. समुद्र कुठं जातो?" माराकाइबोच्या मधोमध, पडदे ओढलेल्या त्या खोलीत समुद्र कुठल्या भिंतीमागे आहे हे ओबदूलियाला सांगता आले नसते, आणि ती तर वीस वर्षे तिथे राहत होती. आईचा चष्मा तिने स्वतः भिंगे घासून बनवला. आईने तो विणताना कधी लावला नाही. कुठे मयताला जायचे असले की मात्र लावी, म्हणे माणसे जरा अदबीने बोलतात.

आईला पुरले होते त्या जागी ती पहाटे पोचली तेव्हा तीबूर्सियो मामाने थडग्याची वरची फळी फोडायला घेतली होती. मामा कुळातला मोठा. भांडण मिटवायचे असो की शेळी कापायची, पहिला शब्द त्याचा. डोक्यावर हॅट, कमरेला जुना पट्टा, आणि बोलण्यात कायम थोडी खोच.

"आली का डॉक्टरीण?" तो म्हणाला. "हात बघू. नखं काप. तिच्या नाकात जातील."

"मामा, तिला आता नाक नाही."

"तुला काय माहीत? अजून बघितलं नाहीस."

मावशीने तिच्या हातांवर मक्याची कडक दारू ओतली, कोपरापर्यंत चोळली, तोंडाला फडके बांधले. हळू आवाजात नियम सांगितले. आधी डोके. डोके काढले की मागे वळायचे नाही. सगळे होईपर्यंत हाताने काही खायचे नाही, स्वतःला शिवायचे नाही, खाज सुटली तर दुसऱ्याला सांगायचे. घास दुसऱ्याने भरवायचा. "आणि तिच्याशी बोलत राहा," मावशी म्हणाली. "नाहीतर दचकेल."

काय बोलायचे हे ओबदूलियाला सुचेना. ती वाकली. कवटी तिच्या वाटण्यापेक्षा हलकी होती, आणि मागच्या बाजूने खरेच ओली. तिने दोन्ही हातांत धरून वर उचलली आणि तिच्या डोळ्यांनी, तिची इच्छा नसताना, डोळ्यांच्या दोन खोबणींमधले अंतर मोजले. इतक्या वर्षांची सवय. समोर तोंड आले की ते आधी मोजायचे. तेच अंतर होते. हे तिला ओळखता आले, दुसरे काही ओळखता आले नाही. "हं, चल," ती आईला म्हणाली, कारण काही तरी म्हणायला हवे होते. मागे बायका रडायला लागल्या. पांढऱ्या कापडावर डोके ठेवून ती पुन्हा वाकली आणि मानेचे, खांद्याचे, बरगड्यांचे एकेक वेचत गेली, आणि त्यातच डोक्याच्या जागेशेजारी बोटाला काही गुळगुळीत लागले. चष्मा होता. कुणी ठेवला कोण जाणे. फ्रेम जशीच्या तशी. एका बिजागरीला गंज, बाकी प्लॅस्टिकला मरण नसते. ओबदूलियाने काय करावे? तिने तो झग्याच्या काठाने पुसला, उजेडासमोर धरला आणि भिंगावर चरा आहे का ते बघितले.

"काय करतेयस?" मामाने विचारले.

"काही नाही. चांगला आहे अजून."

"मग घाल कापडात. तिकडे गेल्यावर कोण कोण आहे ते दिसलं पाहिजे तिला."

हातांची हाडे वेचायला सर्वांत वेळ लागला. ती चवळीएवढीच होती, मावशी खोटे बोलली नव्हती, आणि ओली माती त्यांना सोडत नव्हती. ऊन वर आले. ओबदूलियाने एकही मागे ठेवले नाही, माती चाळून बघितली, दोन खडे हाड समजून घेतलेले परत टाकले. काम नीट झाले. ते इतके नीट झाले की तिचे तिलाच ओशाळल्यासारखे झाले. बाजूला मावशी ऊर फुटेस्तोवर रडत होती आणि ही मुलगी मात्र घड्याळजी बसतो तशी बसून वेचत होती. मावशीने मग गाठोडे बांधले आणि ते ओबदूलियाच्या छातीशी दिले. ते लहान मुलाइतकेच भरले. असे सगळे म्हणतात, त्यात नवे काही नाही.

मामाच्या ट्रकमध्ये पुढे मामा, मध्ये ती गाठोडे घेऊन, आणि खिडकीशी मावशी. ओबदूलियाला वाटले होते की नेहमीसारखे रानातल्या चोरवाटेने जायचे. तिथे दर वळणावर कुणी तरी दोरी आडवी धरून बसलेला असतो, त्याला काही दिले की दोरी खाली जाते आणि कुणी काही विचारत नाही. पण मामाने ट्रक डांबरी रस्त्यावर घेतला.

"चौकीवरून?" मावशी म्हणाली. "तीबूर्सियो, डोकं फिरलं का? मोठ्या रस्त्यानं कशाला?"

"चोरवाटेनं बकऱ्या नेतो मी. पेट्रोल नेतो. माझी बहीण चोरवाटेनं जाणार नाही. काय चोरलंय तिनं?"

"अडवतील."

"अडवू देत. आम्ही आधी की ती दांडी आधी?"

उत्तर सगळ्यांना माहीत होते, पण त्याने दांडी वर जात नव्हती. ओबदूलियाच्या मांडीवर ओल झिरपायला लागली होती. आईची ओली पाठ, तिने विचार केला, आणि विचार तसाच पुढे निघून गेला. नाकावर घाम आला होता. हात लावता येत नव्हता. तिने मावशीला सांगितले, मावशीने अंदाजाने पुसले, ते डोळ्यात गेले.

चौकीवरचा शिपाई कोवळा होता, दूरच्या थंड डोंगराळ भागातला असावा. या उन्हाने त्याचे नाक सोलून निघाले होते. वाईट नव्हता. त्याने ट्रकमध्ये डोकावून पाहिले आणि विचारले, "गाठोड्यात काय?"

"माझी बहीण," मामा म्हणाला.

शिपायाने गाठोड्याकडे बघितले, मग मामाकडे. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, पण दांडीकडे हात नेला नाही. "हाडं असतील तर वरती कळवावं लागतं, काका. हल्ली तसा हुकूम आहे. मयताचं नाव सांगा."

"सांगितलं की. बहीण."

"नाव, काका."

"थोरली बहीण."

"अहो, तिला काही नाव असेल ना?"

"होतं," मामा म्हणाला, आणि समोरच्या काचेतून बघू लागला.

शिपाई मावशीकडे वळला. मावशीने झग्याचा काठ तोंडावर ओढून घेतला. मागे गाड्यांची रांग लागली, कुणी तरी भोंगा वाजवला. शिपाई म्हणाला की नाव नसेल तर त्याला गाठोडे उतरवून घ्यावे लागेल, उघडून बघावे लागेल, साहेब येईपर्यंत ते चौकीत राहील. साहेब कधी येतील सांगता येत नाही, परवा येतील, सोमवारी येतील. "मलाही हे बरं वाटत नाही," तो म्हणाला. "एक नाव सांगा फक्त. एका शब्दाचं काम आहे."

एका शब्दाचेच काम होते. चौकीच्या दारात फोनचे आणि वायरलेसचे सामान दिसत होते, आणि त्यातून येणारा प्रत्येक शब्द रस्त्यापलीकडे ऐकू जात होता. ओबदूलियाला वाटले, याला बाजूला नेऊन कानात सांगावे. आपल्याला कुठे काय होते? दुकानात ऐकले, काही झाले नाही. उच्चारले तरी होणार नाही. आपण तर अलिहूना. पण हा ते घेऊन आत जाईल आणि ओरडेल, पलीकडचा ऐकू येत नाही म्हणेल, मग हा अक्षर अक्षर तोडून ओरडेल. मामा इथे बसलेला असेल. हा म्हातारा, हॅट घातलेला, सगळ्यांची भांडणे मिटवणारा, आपल्या बहिणीचे नाव रांगेतल्या पेट्रोलवाल्यांबरोबर ऐकेल आणि त्याला काही करता येणार नाही, कारण भरपाई मागायची ती कुणाकडे, वायरलेसकडे? आणि मांडीवर ही. जिने बारा वर्षे कुणाच्या तोंडून आपले नाव ऐकले नाही आणि जिला वाटते आहे की आपण घरी चाललो आहोत. ती थांबेल. नाव घेऊन हाक मारली की मेलेले थांबतात, मागे वळून बघतात. म्हणून तर मारायची नसते. हे ओबदूलियाला कुणी पुन्हा शिकवले नव्हते. ते तिला माहीत होते, समुद्र कुठे आहे हे आईला माहीत असावे तसे. तिने गाठोडे घट्ट धरले. तिला भीती वाटली, खरी भीती, की ही आता वळून बघेल.

"ओबदूलिया एपिएयू," ती म्हणाली.

मावशीच्या तोंडून फडक्याआडून एक आवाज निघाला. मामाने मान वळवली नाही, पण स्टिअरिंगवरचा त्याचा हात उघडला आणि पुन्हा मिटला.

"झालं, एवढंच होतं," शिपाई खूश होऊन म्हणाला, आणि आत जाऊन ओरडायला लागला. मयत, ओबदूलिया एपिएयू. बाई. हो, हाडं. ओब-दू-लि-या. रांगेतल्या लोकांनी हॅटी काढल्या. परत येऊन त्याने विचारले, "आणि तुम्ही? ओळखपत्र?" तिचे हात वर्ज्य होते, म्हणून मावशीने तिच्या पिशवीतून चाचपून कार्ड काढून दिले. शिपायाने ते वाचले, पुन्हा वाचले.

"तुम्ही पण ओबदूलिया?"

"आईचंच नाव ठेवलं मला."

"दोघी एकाच नावाच्या? मग घरात हाक मारायची पंचाईत होत असेल."

"होते," ती म्हणाली.

शिपाई हसला, दांडी वर गेली. पलीकडच्या देशाच्या शिपायाने काही विचारले नाही, नुसती टोपी काढली. चौकी मागे पडली. मग मामा म्हणाला, "वेडी." आणि थोड्या वेळाने, "तिच्यासारखीच." आणि खिडकीबाहेर थुंकला, कारण डोळे पुसणे त्याला बरे दिसले नसते.

आता यापुढे तिचे नाव इथेही लिहिणे बरे नव्हे. मयताचे म्हणून ते एकदा पुकारले गेले आहे, लोकांनी हॅटी काढल्या आहेत, ते गेले. दुकानात तिला ते पुन्हा घालावे लागेल, योसेलीन त्याच नावाने हाक मारील आणि ती ओ देईल. पण घरात त्याला आता कुणी हात लावणार नव्हते. बारा वर्षांपूर्वी एका बाईबरोबर एक नाव गेले होते, आज तिच्याबरोबर दुसरे गेले, आणि हे बहुधा कुणी आधी कधी केले नसावे. बरे की वाईट, हे मामाला विचारले तर त्यालाही सांगता आले नसते.

दफनभूमीच्या पांढऱ्या भिंतीआड सगळे जमले होते. मोठे थडगे उघडे होते, आत आजी, पणजी, आणि ज्यांची नावे आता कुणाला माहीतही नाहीत अशा कितीतरी. तिने गाठोडे सोडले आणि डोके आधी ठेवले, मग बाकीचे, मग चष्मा. तोंड कुठे करायचे ते कुणी सांगितले नाही. समुद्राकडे की डोंगराकडे, ती क्षणभर थांबली. वाऱ्यात मीठ होते, तिने त्या बाजूला केले. बायका रडल्या. तिचे फडके याही वेळी कोरडे राहिले, पण या वेळी ते घडी करून लपवायचे तिच्या लक्षात आले नाही.

मग तिला सावलीत झुल्यात बसवले. शेळ्या कापल्या होत्या, पातेली उतरत होती, मामा पाहुण्यांवर खेकसत होता. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हते आणि हात अजून वर्ज्यच होते. ते तिने मांडीवर उताणे ठेवले होते. मावशी चवळी आणि मक्याच्या भाताची वाटी घेऊन, पायाने जमीन चाचपत आली आणि झुल्यासमोरच्या ओंडक्यावर टेकली.

"ओब—" ती म्हणाली आणि जीभ चावली. "बघ, नाव पण उरवलं नाहीस स्वतःला. आता काय म्हणू तुला? ए पोरी म्हणू? पन्नाशीची घोडी."

"काहीही म्हण."

"काहीही कसं म्हणू. घास घ्यायला तोंड उघड म्हणायला सुद्धा माणसाला नाव लागतं." मावशीने चमचा भरला, हवेत धरला, दूध सांडलेल्या डोळ्यांनी समोरच्या अंधुक तोंडाकडे बघत राहिली. मग तिला काही तरी सापडले. "थांब. ती तुला काय म्हणायची? निवडुंगाची फळं खाऊन लालभडक तोंड करून यायचीस तेव्हा. त्या लाल पाखराचं. ईशो."

चाळीस वर्षांत ते कुणी उच्चारले नव्हते. शाळेत घातले तेव्हा कारकुनाने दुसरे नाव लिहिले, आणि हे आईच्या तोंडात तेवढे उरले, तेही बोलायचे राहून गेले, कारण मुलगी शहरात गेली आणि फोनवर असली नावे घेत नाहीत. आपल्याला ते नाव आहे हेही ती विसरली होती.

"ईशो," मावशी म्हणाली, "आ कर."

तिने आ केला. चमचा आधी गालाला लागला, मग ओठाला, मग आत गेला. घास तोंडात होता आणि तो गिळता येईना. घशाखालून काही वर येत होते, ते घासाच्या आड अडले, आणि मग डोळ्यांतून निघाले, आणि निघतच राहिले. पुसायला हात नव्हते. नाक वाहायला लागले, पाणी हनुवटीवरून झग्यावर पडायला लागले. तोंडात चवळीचे दाणे असताना काढता येईल तसला, शरम वाटावी असला आवाज तिच्यातून निघाला, आणि तो तिला ऐकू आला नाही. पातेल्याजवळच्या बायका क्षणभर थांबल्या, आणि पुन्हा कामाला लागल्या.

मावशीला दिसत नव्हते. तिने वाटीत बोट बुडवून चाटून बघितले.

"काय गं? खारट झालंय का?"

तिने घास गिळला.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "दे अजून."